डाव्या बाजूची थाप

तुळजापूर नाक्याच्या अलीकडं
रात्री नऊपर्यंत थांबायचं.
चौदा चाकं, पंचवीस टन सूत
आणि मी, एका कटिंगवर.
नो एंट्री उघडायची वाट बघत
आम्ही अकरा जण ओळीनं,
रेशनच्या दुकानापुढं उभे राहावेत तसे.
आमच्या पिशव्या तेवढ्या मोठ्या.

गाव माझंच आहे.
इथलीच शेंगाचटणी डब्यात भरून
कोईमतूरपर्यंत जाऊन आलोय.
पण स्टेअरिंगमागं बसलं की गाव मला ओळखत नाही.
हवालदार हात दाखवतो तो गाडीला,
आईबहीण निघते ती गाडीची,
आणि लाल दिव्याला माझ्या आरशात
केस नीट करणारं पोरगं
माझ्याकडं बघतच नसतं.

मौलाली उस्ताद म्हणायचे,
"गाडीची लांबी आरशात नसते बे,
पाठीत असते.
पाठीत कळ आली की समज, मागचं चाक वळलं."
सहा वर्षं त्यांचा किन्नर होतो मी.
डाव्या दारातून अर्धा बाहेर लोंबत
पत्र्यावर थाप द्यायचो.
एक म्हणजे चल.
दोन म्हणजे थांब.
तिसरी कधी मारावी लागली नाही,
तिचा अर्थ त्यांनी सांगितलाही नाही.

आता डावी सीट मोकळी.
तिच्यावर पाण्याचा कॅन आणि बिल्ट्यांची फाईल.
मालक म्हणतो, किन्नरचा पगार परवडत नाही,
मोबाईल लाव की समोर.
मोबाईलमधली बाई गोड बोलते,
"दोनशे मीटरवर डावीकडे वळा."
तिला काय ठाऊक,
दोनशे मीटरवर डावीकडं
कुणाच्या तरी हळदीचा मांडव पडलाय,
झालर बांधलीय थेट विजेच्या खांबाला,
त्याला टेकून केळ्यांचा हातगाडा,
आणि मधोमध बसलेली म्हैस
तिला विचारून बसलेली नाही.

नऊ वाजून दहा.
मार्केट यार्डापाशी कांद्याच्या गाड्यांची शेपटी,
त्यातून कोपर खुपसत पुढं.
अशोक चौकात तीन रिक्षा माझ्या नाकाखाली शिरल्या,
चौथीनं थांबून पॅसेंजर घेतला.
पुढं गल्ली. डावीकडं.
वेलांटी काढावी तशी गाडी आधी उजवीकडं ओढली,
मग हळूहळू आत.
मांडवाची झालर टपावरून सरकत गेली,
म्हैस उठली, उपकार केल्यासारखी.

आणि दोन थापा.
डाव्या पत्र्यावर. धाड, धाड.

माझा पाय ब्रेकवर गेला
तो डोक्याला न विचारता.
सहा वर्षं ज्या हातानं थाप मारली
तो हात माझा, स्टेअरिंगवरच होता.

"आगू! आगू! आंधळे हायत काय हो!"
उतरून गेलो.
उंबऱ्यावर विड्या वळत बसलेली बाई
सूप टाकून धावली होती,
पानांची कात्रणं सगळ्या पदराला.
मागचं चाक आणि गटाराची भिंत, मधे वीतभर जागा.
तिथं सायकल,
सायकलवर यंत्रमागाच्या रातपाळीला
बापाचा डबा घेऊन निघालेलं दहा-अकरा वर्षांचं पोर.
रडत नव्हतं.
डबा डोक्यावर उंच धरला होता, सांडू नये म्हणून.

तिनं त्याला बखोटीला धरून काढलं,
सायकल मी ओढली.
मी काहीतरी बोललो असेन.
तिनं ऐकलं नाही.
"आता काय, इथंच ऱ्हाणार का रातभर? बसा वर."
आणि गाडीच्या कडेनं चालत निघाली.
गटारापाशी दोन.
खांबापाशी दोन.
खांब सुटला, एक.
एक म्हणजे चल,
हे तिला मी सांगितलं नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी आरशात पाहिलं,
ती वळली होती सुपाकडं,
हजाराचा हिशोब अजून पुरा व्हायचा असेल.
माझ्या पाठीत मात्र
मानेपासून माकडहाडापर्यंत कळ,
पंचवीस टनांची.

गेटवर वॉचमननं बॅटरी मारली
माझ्यावर, मग मोकळ्या सीटवर.
"किन्नर कुठाय?"

"मागं ऱ्हायली," म्हणालो.